कोऱ्या पाण्यातले शिसे

दुसऱ्या दिवशी तपासणी होती, आणि थेंबबाईंच्या प्रयोगशाळेतल्या सगळ्यांत शुद्ध पाण्यात शिसे सापडले होते.

थेंबबाई हे काही त्यांचे पाळण्यातले नाव नव्हे. पाणीपुरवठा खात्यात त्या रसायनतज्ज्ञ होत्या आणि एका थेंबावरून समोरच्याला तासभर धारेवर धरू शकत होत्या, म्हणून खात्यानेच त्यांना ते बहाल केले होते. नळाच्या पाण्यात शिसे, जस्त, तांबे असले धातू कितपत आहेत हे शोधणे त्यांचे काम. इतकी वर्षे त्या नमुने बाटल्यांत भरून लांबच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवत. तिकडून उत्तर येईपर्यंत ते पाणी लोकांनी पिऊन, पचवून, विसरूनही टाकलेले असे. अर्ज करून करून बाईंच्या चपला झिजल्या, तेव्हा कुठे खात्याने नवे यंत्र घेतले. आता वरच्या कार्यालयातून तपासनीस मॅडम येणार, यंत्र पाहणार, ते चालवणाऱ्या बाईंना पाहणार आणि दोघांना मिळून पास किंवा नापास करणार. नापास झाले, तर यंत्र परत खोक्यात आणि बाई परत बाटल्या भरायला.

यंत्र दिसायला अगदी साधे होते. काचेचे एक लहान भांडे, त्यात बुडवलेल्या पेन्सिलीएवढ्या तीन कांड्या आणि शेजारी संगणक. भांड्यात पाणी घालून वीज सोडली, की पाण्यातले धातू हळूहळू एका कांडीच्या टोकाला येऊन चिकटतात. मग विजेचा दाब थोडाथोडा बदलत नेला, की एकेक जण कांडी सोडून परत पाण्यात उतरतो. लग्नघरातून पाहुणे निघावेत तसे, फक्त इथे कोण कधी निघणार हे ठरलेले. जस्त सगळ्यांत आधी उठते, तांबे शेवटपर्यंत हलत नाही, शिसे मधेच कधीतरी निघते. जो निघाला, त्याच्या जागी पडद्यावरच्या रेषेला टेंगूळ येते. धातू जास्त तर टेंगूळ मोठे. पोहण्याच्या तलावात कोणी चिमूटभर शिसे टाकले, तरी त्या यंत्राला वास लागला असता.

म्हणूनच सुरुवात नेहमी कोऱ्या पाण्याने करायची. कोरे पाणी म्हणजे गाळून, उकळून, पुन्हा गाळून तयार केलेले, ज्यात पाण्याशिवाय काही नाही असे पाणी. त्याची रेष सपाट आली, तरच पुढच्या नमुन्यावर विश्वास ठेवायचा. आणि आज त्या कोऱ्या पाण्याला शिशाच्या नेमक्या जागी लिंबाएवढे टेंगूळ आले होते.

बाईंनी भांडे आम्लाने धुतले. कांडीचे टोक मखमली कापडावर गोल गोल घासून आरशासारखे केले. हातमोजे बदलले. नवे कोरे पाणी घातले. रेष सपाट आली. बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि तेवढ्यात दारात मोठे साहेब उभे राहिले.

खात्यात धाकटे साहेब असे कोणी नव्हते. पण नुसते 'साहेब' म्हटले, तर मोठ्या साहेबांना ऐकू येत नसे.

"काय बाई, उद्याची तयारी?"

"झाली, साहेब. सकाळी जरा शिसं दिसत होतं, पण..."

"शिसं?"

"आता नाहीये."

"नाहीये म्हणजे? गेलं कुठे?"

"धुतलं."

"शिसं धुतलं? कशाने?"

"भांडं धुतलं, साहेब!" बाईंनी वैतागून केसांतून हात फिरवला. "थांबा, दाखवतेच तुम्हाला."

त्यांनी भांड्यात ताजे पाणी ओतले, कांड्या बुडवल्या, वीज सोडली. साहेब वाकून पडद्याकडे बघत राहिले. रेष सरळ आली, सरळ आली, आणि शिशाच्या जागी टुणकन वर उडाली.

"हे काय आहे?"

"हे... शिसं."

"तुम्ही तर म्हणालात धुतलं."

साहेब काळजीत पडून आपल्या खोलीत गेले. बाईंनी सगळे पुन्हा धुतले, पुसले, घासले. रेष पाटीसारखी सपाट. बाईंनी धावत जाऊन साहेबांना बोलावून आणले. साहेबांनी विचारले, खिडकी उघडी आहे का? पंख्यामुळे होत असेल का? विजेची तार उलटी तर लावली नाही ना? यंत्र विकणाऱ्याने जुनेच यंत्र पुसून दिले असेल का? बाई प्रत्येक प्रश्नाला उत्तर देता देता डोके खाजवत होत्या आणि यंत्र चालू करत होत्या. या खेपेला टेंगूळ पेरूएवढे झाले होते.

"वाढलं की हो!" साहेब ओरडले.

"मला दिसतंय."

"सगळ्यांत शुद्ध पाण्यात एवढं, तर नळाच्या पाण्यात किती असेल?"

"त्याचा याच्याशी काही संबंध नाही, साहेब. हे बाहेरून कुठून तरी येतंय. कोरं पाणी नळातून येत नाही, मी इथे बनवते." बाई भांडे धुता धुता सांगत होत्या. नळ बंद करून त्यांनी मागे पाहिले, तर साहेब खोलीत नव्हते. थोड्या वेळाने परत आले ते कपाळाचा घाम पुसत.

"केलं बंद," ते म्हणाले.

"काय बंद केलं?"

"पाणी. शहराचं. पंपावर फोन केला."

बाईंच्या हातातले भांडे थोडक्यात वाचले. "कशासाठी?"

"शिसं म्हणजे विष, बाई. तुम्हीच मागे भाषण दिलं होतं."

"पण ते नळाच्या पाण्यात नाहीये! आहे असं म्हटलंय का मी एकदा तरी?"

साहेबांनी आठवून पाहिले. मग निमूटपणे फोन उचलला आणि पंपावर लावला. पलीकडच्या पंपवाल्यांचा आवाज असा होता, की फोन नसता तरी प्रयोगशाळेत ऐकू आला असता.

"चालू करा म्हणता, साहेब? दाखला पाठवा."

"कसला दाखला?"

"पाणी शुद्ध असल्याचा. प्रयोगशाळेचा. बंद करायला तोंडी चालतं, चालू करायला लेखी लागतं."

"हा कुठला मूर्ख नियम?"

"तुमचाच आहे, साहेब. खाली सहीपण तुमची आहे. वाचून दाखवू?"

साहेबांनी फोन ठेवला आणि बाईंकडे बघून, जमेल तितके गोड हसले. "द्या मग एक दाखला."

"कसा देऊ?"

"लिहा, शिसं नाही."

"साहेब, नळाचं पाणी यात घातलं तर त्यातही शिसं दिसणार, कारण काहीही घातलं तरी दिसतंय. आधी कोऱ्याची रेष सपाट यायला हवी. ती तुमच्यादेखत एकदाही आली नाही."

"मग अंदाजाने टाका हो काहीतरी."

"अंदाजाने टाकायचं होतं तर हे यंत्र कशाला आणलं? नाणं उडवलं असतं."

म्हणजे टेंगूळ जात नाही तोवर दाखला नाही, दाखला नाही तोवर पाणी नाही, आणि टेंगूळ का येते ते कुणालाच माहीत नाही. आणि भर दुपारी शहराचे नळ फुसफुस करू लागले.

पहिला फोन बाईंच्या सासूबाईंचा आला.

"अगं, नळ गेला."

"माहीत आहे, आई."

"माहीत होतं तर सकाळी सांगायचं नाही का? मी दोन बादल्या जास्त भरल्या असत्या. शेजारीण म्हणते, तुमच्या सुनेनेच बंद केलंय. मी म्हटलं, छे! ती घरातला नळ धड बंद करत नाही, शहराचा काय करणार?"

"आई, मी कामात आहे."

"कर, कर. काम कर. पण येताना पाणी घेऊन ये."

बाईंनी फोन ठेवला, दोन्ही हात केसांत घालून डोके गच्च धरले आणि परत यंत्राशी बसल्या. टेंगूळ आता पडद्याच्या निम्म्यावर गेले होते. तेवढ्यात नणंदेचा फोन आला. नणंद गावात पार्लर चालवायची, आणि ती फोनवर 'हॅलो' म्हणत नसे, थेट मुद्द्यावर येत असे.

"वहिनी, पाणी कधी सोडताय?"

"वन्सं, आत्ता नको, प्लीज."

"आत्ताच! माझ्याकडे गिऱ्हाईक बसलंय डोक्याला रंग लावून. वेळ होऊन गेली. धुवायला थेंब नाही."

"दुकानातून बाटल्या आणा ना पाण्याच्या."

"दुकानं कधीच रिकामी झाली. सोडा वॉटर मिळालं, ते ओतू का?"

"नको!" बाई ओरडल्या. "आहे कोण ती?"

"परगावची आहे. जरा नीटनेटकं दिसावं म्हणून आली बिचारी, उद्या इथे कसली तरी तपासणी आहे म्हणे तिची. सारखी घड्याळाकडे बघतेय आणि म्हणतेय, इथल्या पाणी खात्याला मी उद्या बघतेच."

शहराच्या नळांचे पाणी मघाशीच गेले होते. आता थेंबबाईंच्या तोंडचेही पळाले. त्यांनी साहेबांना बातमी सांगितली. साहेब खुर्चीत बसले, आणि खुर्ची तिथे होती हे नशीब.

"बाई, काहीही करा, पण ते टेंगूळ घालवा."

"तुम्ही जरा बाहेर थांबता का? मला शांतपणे विचार करू द्या."

साहेब बाहेर गेले. बाईंनी साठवणीच्या पाण्याने नव्याने सगळे धुतले. रेष सपाट. पुन्हा पाहिली, पुन्हा सपाट. साहेब दारातून डोकावले, "झालं का?" म्हणाले, आत आले, चार सल्ले दिले. पुढची रेष वर.

बाई यंत्राकडे पाहायचे सोडून साहेबांकडे पाहू लागल्या. सकाळचे पहिले टेंगूळ सोडले, तर साहेब नसले की शिसे नाही. साहेब आले की शिसे आले. इतका सरळ हिशेब सकाळपासून डोक्यात कसा आला नाही? पण माणसाच्या अंगावर शिसे येणार कुठून? बाईंची नजर साहेबांच्या बुटांपासून निघाली, शर्टावरून वर गेली आणि डोक्यावर येऊन थांबली. साहेब निवृत्तीला टेकले होते. त्यांच्या केसांनी मात्र नुकतीच नोकरी धरली असावी, इतके ते काळे होते. केस काळे करायच्या काही औषधांत शिसे असते, हे बाईंनी कुठेतरी वाचले होते.

"साहेब, एक खासगी विचारू का?"

"विचारा."

"तुमचे केस..."

"काय झालं केसांना?"

"फार काळे आहेत."

"आमच्या घराण्यात सगळ्यांचेच आहेत."

"भुवया पांढऱ्या आहेत."

"भुवया आईकडून आल्या."

"साहेब, शहराला पाणी नाहीये."

साहेबांनी दाराकडे पाहिले, खिडकीकडे पाहिले आणि आवाज अगदी खाली आणला. "महिन्यातून दोनदा. आमची ही लावते. पण बाई, खात्यात कुणालाही..."

"कुणालाही नाही. मला फक्त एक केस हवाय."

"एकच ना? जास्त मागू नका, मोजकेच राहिलेत."

बाईंनी चिमट्याने केस उपटला. साहेब "आई गं" म्हणाले. केस थोडा वेळ आम्लात भिजत ठेवला, मग त्या आम्लातले दोन थेंब भांड्यात. एवढा वेळ साहेब कोपऱ्यात रुसून बसले होते आणि चकार शब्द बोलत नव्हते. खोलीत फक्त यंत्राची बारीक घरघर. रेष निघाली, शिशाच्या जागेपाशी आली आणि काहीच न झाल्यासारखी पुढे निघून गेली.

"म्हणजे?" साहेबांनी मान लांब केली.

"म्हणजे तुमच्या केसांत शिसं नाही."

साहेब उठून उभे राहिले. "नाही ना? बघा! इतकी वर्षं लपवलं, स्वतःच्या भावाला पत्ता लागू दिला नाही, आणि आज तुम्ही माझ्या तोंडून वदवून घेतलंत. कशासाठी? काही नाही त्याच्यासाठी! केसाने गळा कापलात हो माझा!"

"साहेब, मला वाटलं..."

"काय वाटलं? एवढी शिकलेली माणसं तुम्ही, आणि संशय कुणावर घेता? मी आलो की यंत्राला शिसं दिसतं म्हणे. म्हणजे मी काय शिशाचा बनलोय का?"

"माझं डोकं चालत नाहीये, साहेब!" बाईंनी हातमोज्यांसकट दहाही बोटे केसांत खुपसली.

साहेब बोलता बोलता थांबले. "बाई, हात."

"हाताचं काय?"

"केसात आहे तुमचा."

"मग?"

"सकाळपासून बघतोय, मी आलो की तुम्ही असंच करता. तसं मी आलो की सगळेच डोकं खाजवतात, म्हणून वेगळं काही वाटलं नाही."

बाईंनी हात झटकन खाली घेतला. प्रयोगशाळेत टोपी घालायचा नियम होता. टोप्यांचे नवे खोके कपाटावर होते. पण टोपीने डोके उकडते, म्हणून ते अजून फोडलेलेच नव्हते.

"माझ्या केसांत काय असणार?" त्या म्हणाल्या. "मी असलं काही लावत नाही."

"मग घाबरता कशाला? एकच केस. मी दिला ना?"

बाईंनी रागारागाने आपला एक केस उपटला आणि भिजवला. या खेपेला भांड्यात दोन थेंब टाकले ते साहेबांनी, बाईंना हात लावायची मनाई करून. रेष निघाली. शिशाच्या जागी पोचली, तशी जी वर सुटली ती पडद्याच्या वरच्या काठातून बाहेर गेली आणि बराच वेळ परत आली नाही.

साहेबांनी पडद्यावरची नजर बाईंच्या केसांकडे वळवली.

"बाई," साहेब हळूच म्हणाले, "तुम्हीसुद्धा?"

"मी रंग लावत नाही! ते नुसतं पाण्यासारखं तेल आहे. वन्संनी दिलंय. रोज थोडंथोडं लावायचं, पांढरे केस आपोआप..."

वाक्य अर्ध्यावर राहिले. ते कानावर पडल्यावर बाईंनाच पुढे बोलवेना.

"आपोआप?" साहेबांनी विचारले. त्यांच्या चेहऱ्यावरचे सुख बघवत नव्हते.

बाईंनी फोन लावला. "वन्सं, मला दिलेल्या त्या बाटलीत काय आहे?"

"वनस्पती."

"कुठली वनस्पती?"

"बाटलीवर पानाचं चित्र आहे ना, ती. वहिनी, ही बाई रडकुंडीला आलीये, पाणी..."

"मागे बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. तुमच्याकडे असेल ना एखादी?"

खुडबूड ऐकू आली. "थांबा हं... बाहेरून लावण्यासाठी... डोळ्यांपासून दूर... आणि हे काय, शिसं असं काहीतरी लिहिलंय. चांगलं असतं का ते?"

बाईंनी फोन ठेवला. टोप्यांचे खोके खाली काढून फोडले, एक टोपी कानांपर्यंत ओढली, दुसरी साहेबांना दिली. भांडी, बाटल्या, टेबल, दाराची मूठ, सगळे धुतले. कोऱ्या पाण्याची रेष सपाट आली, साहेब शेजारी उभे राहून बोलत असतानाही सपाट आली. मग सकाळी बाटलीत भरून ठेवलेले नळाचे पाणी लावले. थोडे जस्त, किंचित तांबे, शिसे नाही. दाखला घेऊन साहेब स्वतः पंपावर पळाले, टोपी काढायचे विसरून, आणि उन्हे उतरताना नळ खळखळून आले.

नणंदेचा फोन मात्र त्याआधीच आला होता. "शेवटी शेजारच्यांच्या माशांच्या टाकीतलं पाणी मागून आणलं आणि धुतले एकदाचे."

"मग? ठीक झाले ना?"

"रंग आलाय," नणंद म्हणाली.

"कोणता?"

"एक असा नाही."

दुसऱ्या दिवशी तपासनीस मॅडम आल्या, त्या डोक्याला स्कार्फ घट्ट गुंडाळून. कपाळाचा अर्धा भागही झाकलेला. साहेबांनी उन्हाळ्याबद्दल काहीतरी बोलून पाहिले. मॅडमनी ते ऐकल्याचेही दाखवले नाही. त्या खुर्ची ओढून यंत्रासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "करा सुरू."

बाईंनी कोरे पाणी लावले. सपाट. मॅडमनी आपल्या पिशवीतून सीलबंद बाटली काढून दिली, तिच्यात किती शिसे आहे ते फक्त त्यांनाच ठाऊक होते. बाईंनी सांगितलेले उत्तर बरोबर निघाले. दुसरी बाटली, तेही बरोबर. साहेबांच्या चेहऱ्याचा उडालेला रंग हळूहळू परत येऊ लागला होता. मॅडमनी पेनाला टोपण लावले.

"आता मला सांगा, काल दुपारी शहराचं पाणी का बंद होतं?"

"ते जरा दुरुस्ती..." साहेबांनी सुरुवात केली.

"मी बाईंना विचारतेय."

काय सांगावे याचा विचार बाईंनी रात्रभर केला होता. जलवाहिनी फुटली, वीज गेली, व्हॉल्व्ह अडकला, अशी तीन-चार उत्तरे तयारही होती. पण कालच्या दिवसाने त्या इतक्या वैतागल्या होत्या, की आता आणखी एक भानगड सांभाळायची त्यांच्यात ताकद नव्हती.

"माझ्या केसांमुळे," त्या म्हणाल्या आणि सगळे सांगून टाकले. टेंगूळ, पंप, दाखला, पार्लरवाल्या नणंदेने दिलेली बाटली. साहेबांच्या केसाशी आल्या तेव्हा साहेब जोरजोरात खोकले, पण बाई थांबल्या नाहीत.

मॅडमनी स्कार्फची गाठ चाचपून पाहिली. मग म्हणाल्या, "साहेब, तुम्ही बाहेर थांबा. आणि दार लावून घ्या."

दार लागले. मॅडमनी स्कार्फ सोडला. पुढचे केस गाजरासारखे होते, मधले शेवाळासारखे, आणि टोकांना तर बाईंना शब्दच सुचेना.

"तुमच्या नणंदेचा पराक्रम," मॅडम म्हणाल्या. "मी तिचं पार्लर बंद करायला लावणार आहे. पण मला पुरावा हवा. तिने माझ्या डोक्यावर काय थापलं, ते काढा शोधून." आणि त्यांनी आपल्या हाताने एक हिरवा केस उपटून टेबलावर ठेवला.

बाईंनी केस चिमट्याने उचलला. नणंद कितीही झाली तरी नणंद, आणि पार्लर बंद झाले तर ती दिवसभर घरी येऊन बसेल, हे वेगळेच. केस भिजला. थेंब पडले. रेष निघाली आणि शिशाच्या जागी उभ्या चढणीसारखी वर गेली.

"बघितलंत?" मॅडम टाळी वाजवायच्याच राहिल्या. "तिच्या रंगात शिसं!"

बाई पडद्याकडे बघत राहिल्या. कुठेतरी गणित चुकत होते. काल आपल्या केसाचे टेंगूळ पाहिले होते, हे त्याहूनही दांडगे होते.

"मॅडम, एक केस मुळापाशी कापते आणि एक टोकाशी. दोन्ही वेगवेगळे बघू."

मुळाच्या केसात शिसे होते. टोकाच्या केसात त्याहून कितीतरी जास्त.

"मॅडम," बाई सावकाश म्हणाल्या, "एका दुपारच्या रंगाने इतकं शिसं येत नाही. आणि टोकाला जास्त, म्हणजे हे खूप दिवसांपासून साठत आलंय. शिसं असलेल्या केसांवर पार्लरचा रंग बसला, की तो असा... उलटतो. तुम्ही घरी काही लावता का?"

"मी रंग लावत नाही," मॅडम ताडकन म्हणाल्या. "पार्लरमध्ये काल पहिल्यांदाच गेले."

"रंग नाही. तेल? औषध?"

मॅडम पडद्याकडे पाहू लागल्या. तिकडेच पाहत त्यांनी विचारले, "पाण्यासारखं असतं ते. रोज थोडंथोडं लावायचं. त्याला रंग म्हणतात का?"

"मीही नाहीच म्हणत होते," थेंबबाई म्हणाल्या.

मॅडमनी हात पुढे करून स्वतःच पडदा बंद केला. "हे नमुने कुठे नोंदवले नाहीत ना?"

"कसले नमुने?"

"छान." मॅडमनी स्कार्फ परत बांधला आणि दार उघडले. दाराला कान लावून उभे असलेले साहेब जवळजवळ त्यांच्या अंगावर आले.

"पास आहात," मॅडम म्हणाल्या. "यंत्र चांगलं आहे. जरा जास्तच चांगलं आहे."

साहेबांनी आधी मॅडमचे आभार मानले, मग बाईंचे, मग यंत्राचे. मॅडम काही जागच्या हलेनात.

"साहेब, बाई म्हणतात, इथे एकाच माणसाच्या केसांत शिसं सापडलं नाही."

"माझ्या!" साहेब छाती काढून म्हणाले, आणि मग आता आपल्याच तोंडून कबुली गेली हे त्यांच्या लक्षात आले.

"कोणता रंग लावता?"

साहेबांनी बाईंकडे पाहिले. बाई पेन उघडून तयार बसल्या होत्या.

"मला... मला नाव नाही माहीत," साहेब चाचरत म्हणाले. "सगळं आमच्या हिच्याच हातात असतं."

"मग विचारा ना फोन करून," मॅडम म्हणाल्या.

साहेबांनी खिडकीशी जाऊन, पाठ करून, फोन लावला. "अगं, मीच बोलतोय... नाही, नाही, सगळं ठीक आहे. ती आपली केसांची डबी आहे ना, तिचं नाव काय गं?... नाही, मला नकोय. इथे दोन बायका विचारतायत. माझे केस त्यांना फार..."

पुढचे त्यांना बोलता आले नाही. त्यांनी फोन कानापासून हातभर लांब धरला.